आधी पाणी मागायचं

विजूताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी पाणी मागायच्या. चहा नको, सरबत नको, "अगंबाई, एवढ्या उन्हाच्या?" वगैरे स्वागत नको. चपला काढता काढताच सुरू, "जरा पाणी द्या हो." बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या माणसांचा हमखास समज व्हायचा, की या बाईंच्या नळाला पाणी येत नसावं. पहिल्या मजल्यावरच्या हसमुखभाईंनी तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये अगदी गंभीरपणे विषय मांडला होता, "विजुबेनने त्यां प्रेशर ओछुं आवे छे. प्लंबरने मोकलो." प्लंबर गेला. विजूताईंनी त्याला बसवलं, त्याच्या मुलीला गोवराची दुसरी सुई दिली का ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरी जाऊन पाणी मागितलं.

आम्ही मराठी मंडळी विजूताई म्हणायचो, गुजराती शेजारी विजुबेन, आणि हॉस्पिटलात त्या सिस्टर होत्या. तिन्ही हाकांना त्या सारख्याच वेगाने "ओ" द्यायच्या. उंची बेताची, चाल पोस्टमनची. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, कारण नाडी मोजताना तेच सोयीचं. ही सवय ड्युटीपुरती नव्हती. बोलता बोलता त्यांनी आपला हात हातात घेतला, की नवा माणूस भारावून जायचा, केवढा हा जिव्हाळा! आम्हा जुन्यांना माहीत होतं, की आपली नाडी मोजली जात आहे. माझ्या पन्नाशीच्या समारंभात त्या माझा हात धरून जवळजवळ मिनिटभर उभ्या होत्या. फोटोग्राफरने तो प्रसंग फार हृद्य म्हणून टिपला. नंतर कानाशी येऊन म्हणाल्या, "ब्याण्णव. भाऊ, तो दुसरा श्रीखंडाचा वाडगा खाली ठेवा."

त्यांचं माहेर जुन्या शहरातल्या घडियाळी पोळमधलं, म्हणजे घराला घर चिकटलेल्या गल्लीतलं. पोळमध्ये वाढलेल्या माणसाला कुणाच्या घरात शिरताना संकोच म्हणून नसतो. तिथे भिंती सामाईक आणि भांडणंही सामाईक. नवरा श्रीकांतराव, रिफायनरीत शिफ्टला जाणारा, आठवड्यात चार वाक्यं बोलणारा. एक मुलगी. आणि अठ्ठावीस वर्षं एकाच धर्मादाय हॉस्पिटलचा एकच वॉर्ड, लहान मुलांचा.

आता पाणी मागायचं कारण सांगतो. ते मला फार उशिरा कळलं, आणि कळूनही वळलं नाही. सगळी गोष्ट त्याचीच आहे.

एका पावसाळ्यात त्यांच्या वॉर्डात वर्षाची एक मुलगी जुलाबाने आली. चार दिवसांत बरी होऊन गेली. तीन आठवड्यांनी पुन्हा तीच. पुन्हा सलाईन, पुन्हा बरी. तिसऱ्यांदा आली तेव्हा विजूताईंनी तिच्या आईला विचारलं, पाणी उकळता का? हो. झाकता का? हो. हात धुता का? हो, हो. आई भेदरलेली, नर्ससमोर कोण नाही म्हणणार? तेव्हा सुट्टीच्या दिवशी विजूताई पत्ता शोधत तिच्या घरीच गेल्या आणि तहान लागली म्हणाल्या. आईने माठावरचं झाकण काढलं, पेला बोटांसकट आत बुडवला आणि भरून आणून दिला. पाणी उकळलेलं होतं. झाकलेलंही होतं. बाई एका अक्षराने खोटं बोलली नव्हती.

विजूताई घरी आल्या, स्वतःच्या स्वयंपाकघरातलं लांब दांड्याचं ओगराळं उचललं आणि तिला नेऊन दिलं. बडोद्यात सगळे त्याला डोयो म्हणतात. ती मुलगी पुन्हा वॉर्डात दिसली नाही. तेव्हापासून विजूताई लहरीपुऱ्याच्या बाजारातून डझनाने डोये आणायच्या. भांडीवाल्याला वाटायचं, या बाईंचा खानावळीचा धंदा आहे. आमच्याकडेही एक आहे. माझी बायको नीता हिने तो माठाशेजारी खिळ्याला लटकवला.

"वॉर्डात मूल येतं ते एकटंच येतं हो," त्या म्हणायच्या. "त्याचा माठ घरीच राहतो."

या वाक्यावर मी टाळी दिली होती. मला वाक्यं आवडतात. मी विम्याच्या ऑफिसात नोकरी करतो, पण जीव रमतो तो आमच्या मंडळाच्या गणपतीतल्या एकांकिकेत. मी बसवतो, मी कापतो, मी सुधारतो आणि कुणी आजारी पडलं तर त्याचं कामही मीच करतो. एका वर्षी सासू आणि सून दोघी मीच होतो, आणि तेव्हा आमचं भांडण चांगलंच रंगलं होतं. असो.

मग विश्वामित्री नदीला तो मोठा पूर आला. पाणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरलं आणि त्याबरोबर एक मगरही. हसमुखभाईंनी गॅलरीतून तिचे साठ फोटो काढले, आणि ती त्यांच्याच स्कूटरखाली बसली होती असं ते अजून सांगतात. पाणी ओसरल्यावर विजूताईंनी क्लोरीनच्या गोळ्यांची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. "चला भाऊ, तुमचा आवाज मोठा आहे. मागे नाल्याकाठी जाऊन येऊ."

नाल्याकाठच्या त्या वस्तीत एक म्हातारी होती, मंगूमा. सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघायची. गोळ्या वाटणाऱ्यांना तिने सकाळीच परत पाठवलं होतं; पाण्याला वास येतो म्हणे, आणि चाळीस वर्षं आम्ही काय मेलो का? मी पुढे झालो. कंबरेवर एक हात, दुसरा आकाशाकडे, आणि शुद्ध गुजरातीत जलजन्य रोगांवर बोललो. मध्ये एक विराम घेतला, शेवटी आवाज कातर केला. मंगूमाने शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "थई गयुं? हवे जाव." म्हणजे, झालं ना? आता निघा.

तेवढ्यात मागून विजूताईंचा आवाज. "मा, जरा पाणी पाजशो?"

दारात आलेल्याला आपल्याकडे पाणी नाही म्हणवत नाही. मंगूमाने आम्हाला आत घेतलं. पाणी गढूळ होतं. विजूताई म्हणाल्या, माझं पोट कच्चं आहे मा, तुमच्या माठात ही एक गोळी टाकते, चालेल ना? म्हातारी म्हणाली, टाक बाई, तुझंच पोट कच्चं दिसतंय. गोळी टाकली. मग विजूताई म्हणाल्या, आता अर्धा तास थांबावं लागतं. आणि भिंतीला पाठ लावून बसल्या.

त्या अर्ध्या तासात त्यांनी गोळीचं नावसुद्धा काढलं नाही. गोधडीच्या टाक्यावर बोलल्या, मंगूमाच्या गुडघ्यावर बोलल्या. हात हातात घेऊन नाडी मोजून झाली. विसाव्या मिनिटाला मंगूमा आपण होऊन म्हणाली, की नातवाला कालपासून जुलाब होताहेत आणि सून कुणाला सांगू नका म्हणते. अर्ध्या तासाने विजूताईंनी त्या माठातून पेला भरून घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. त्यांचा तो नियमच होता. "पेल्यात घोट ठेवला तर घराचा अपमान होतो." त्यानंतर गोळ्यांची पिशवी मंगूमानेच माझ्या खांद्यावरून उतरवली आणि गल्लीत स्वतः वाटली. एका घरात तर दटावून.

परत येताना मी विचारलं, "ही युक्ती कुठे शिकलात?"

"युक्ती कसली, भाऊ? ज्या घरात काही अवघड बोलायचं असतं ना, तिथे आधी पाणी मागायचं. आणि मग सावकाश प्यायचं. बोलायला वेळ मिळतो माणसाला."

हे मी ऐकलं. अर्धा तास पुढ्यात बसून पाहिलं. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

त्या पुराच्या पुढल्या वर्षी एका संस्थेची जाहिरात आली. गावातल्या वस्त्यांमध्ये लहान आरोग्य केंद्रं चालवायची होती, घरोघर फिरणाऱ्या नर्सेस हव्या होत्या. पगार हॉस्पिटलपेक्षा थोडा कमीच. वयाची अट पंचेचाळीसच्या आत, आणि विजूताईंची पंचेचाळीस वर्षं दिवाळीनंतर पूर्ण होत होती. म्हणजे ही पहिली संधी, आणि शेवटचीही. जाहिरातीची घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवली आणि थेट आमच्याकडे आल्या. आधी पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "भाऊ, जे मी सुट्टीच्या दिवशी चोरून करते ना, ते रोज करायला मिळेल. मुलाखत तीन आठवड्यांनी आहे. मी आयुष्यात मुलाखत दिलेली नाही. इथे मेट्रननी नुसतं 'कल से आ जाना' म्हटलं होतं. तुम्ही माणसांना बोलायला शिकवता. मला शिकवा."

अहो, मला काय झालं म्हणून सांगू! इतक्या वर्षांत मला स्वतःहून 'शिकवा' म्हणणारी ही पहिली. मी त्याच संध्याकाळी जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढलं, पलीकडे तीन खुर्च्या मांडल्या आणि तिन्हींवर मीच बसलो. पहिल्या खुर्चीत चष्मा नाकावर उतरवलेला निवृत्त डॉक्टर. दुसऱ्या खुर्चीत नीताची शाल पांघरलेली करारी बाई. तिसरीत टाय लावलेला मॅनेजर, जो दर वाक्याला "ॲक्चुअली" म्हणतो. प्रश्न संपला की मी उठून पुढच्या खुर्चीत. विजूताई पहिल्या दिवशी हसून हसून बेजार झाल्या. नीता दारातून म्हणाली, "विजूताई, तुम्हाला नोकरी मिळो न मिळो, यांना तीन भूमिका मिळाल्या."

मग मी त्यांना शिकवायला लागलो.

मॅनेजरने विचारलं, "ॲक्चुअली, वॉर्ड का सोडता?" त्यांनी त्या तीनदा आलेल्या मुलीची गोष्ट सांगितली. मी म्हटलं, छे, जुन्या नोकरीची तक्रार वाटते. कापलं. डॉक्टरने विचारलं, "तुमचा एखादा कमकुवत मुद्दा?" त्या म्हणाल्या, "गुडघे." मी म्हटलं, अहो, 'मी कामात अती बारकाई करते' असं म्हणायचं असतं. त्यांनी लिहून घेतलं. त्या सगळंच लिहून घ्यायच्या, डॉक्टरांची ऑर्डर लिहावी तशा, अक्षर न गाळता.

मग दुसऱ्या खुर्चीतली बाई शाल सावरत म्हणाली, "एक आई बाळाला लस द्यायला नाही म्हणते. दार लावून घेते. तुम्ही काय कराल?"

विजूताईंनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "आधी पाणी मागते."

आणि मी हसलो.

नुसता हसलो नाही. टेबलावर हात मारून, शाल खांद्यावरून पडेपर्यंत हसलो. म्हटलं, "विजूताई, मुलाखत आहे, पाणपोई नाही! ते म्हणतील बाईंना तहान लागलीय!" त्याही हसल्या. तोंडाला पदर लावून माझ्याबरोबर खूप हसल्या. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर आज मला हे लिहायला सोपं गेलं असतं.

आतून नीता म्हणाली, "मला तर त्यांचंच बरोबर वाटतंय."

"नीता, तालमीत मध्ये बोलायचं नसतं."

मी नवं उत्तर लिहून दिलं. पुस्तकी गुजरातीत, कारण मुलाखत गुजरातीत होणार होती. त्याची सुरुवात अशी: "सौप्रथम हुं लाभार्थी परिवार साथे विश्वासनो सेतु बांधीश." पुढे समुपदेशन, जनजागृती, सहभाग, पाठपुरावा. पाच वाक्यं, प्रत्येकाचा शेवट उंच स्वरात. विजूताईंनी वाचून विचारलं, "सेतू कशाला, भाऊ? दार तर दोन पावलांवर असतं."

"शब्द आहे तो. वजन पडतं."

"बरं."

एकदा येताना त्यांनी पिशवीतून डोयो आणला. म्हणाल्या, टेबलावर ठेवून दाखवीन, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. मी हात जोडले. कृपा करा, मुलाखतीला कुणी भांडी नेतं का? दर वर्षी नव्या नटांना मी ओरडून सांगतो, की स्टेजवर एक खरी वस्तू आणली तर दहा वाक्यं वाचतात. आणि इथे ती वस्तू स्वतःच्या पायांनी चालत माझ्या घरी आली होती. मी ती पिशवीत परत घालायला लावली. शिवाय शिस्तीचे नियम दिले. पाठ ताठ. बोलताना कुणाचा हात धरायचा नाही. टेबलावर पाण्याचा जग असतो, तो शोभेचा असतो. त्याला हात लावायचा नाही, काही मागायचं नाही. मागणारा माणूस लहान दिसतो. "पाणीसुद्धा नाही?" त्यांनी विचारलं. "पाणी तर नाहीच."

तीन आठवडे त्या पाठ करत होत्या. श्रीकांतरावांनी आपल्या चार वाक्यांपैकी एक खर्च करून मला जिन्यात सांगितलं, "पोळी लाटताना सेतू बांधते." वॉर्डातल्या दुसऱ्या सिस्टर त्यांना 'सेतुबेन' म्हणायला लागल्या. शेवटच्या रंगीत तालमीला तर मी हसमुखभाईंना प्रेक्षक म्हणून बोलावलं. विजूताईंनी पाचही वाक्यं अडखळल्याशिवाय म्हटली. हसमुखभाई उभे राहिले, टाळ्या वाजवल्या, म्हणाले, "वाह! टीवी जेवुं लाग्युं." टीव्हीसारखं वाटलं म्हणे; मला ती पावती वाटली.

मुलाखतीच्या दिवशी त्या कडक इस्त्रीच्या साडीत गेल्या. मी गॅलरीतून अंगठा दाखवला. दुपारी परत आल्या तेव्हा मी पायऱ्यांवरच वाट पाहत उभा होतो. त्यांनी स्कूटर लावली, हेल्मेट काढलं, आणि पहिल्यांदा असं झालं की त्यांनी पाणी मागितलं नाही. पायरीवर बसल्या.

"तिघंच होते," म्हणाल्या. "तुम्ही बसला होतात तसेच. फक्त टाय नव्हता."

"आणि लसीचा प्रश्न?"

"आला ना. एक वयस्क बेन होत्या, पांढरे केस. त्यांनीच विचारला. मी पाचही वाक्यं म्हटली."

"अडखळलात?"

"नाही हो. अगदी तालमीसारखी." त्या हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत होत्या. "त्या बेननी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे सगळं बरोबर आहे, बेन, पण आता तुम्ही दारात उभ्या आहात. दार लावलेलं आहे. तुम्ही, तुम्ही स्वतः, पहिल्यांदा काय करता?"

"मग?"

"भाऊ, मला आठवेचना मी काय करते ते."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकलो.

"इतकी वर्षं करतेय. पण डोक्यात तेवढंच होतं, ती पाच वाक्यं. त्या बेन थांबल्या माझ्यासाठी. बराच वेळ थांबल्या."

"मग काय केलंत?"

"मग सेतू पुन्हा बांधला," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "घसा असा कोरडा पडला होता! समोर जग होता, चार पेले होते. नुसतं पाणी मागितलं असतं ना, तरी मला सगळं आठवलं असतं. पण तुम्ही मागू नका म्हणाला होतात."

यात टोमणा नव्हता. मी आजवर ते वाक्य शंभर वेळा मनात फिरवून पाहिलं आहे, वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहिलं आहे. टोमणा सापडत नाही. डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे औषध दिलं, एवढंच त्या सांगत होत्या.

यादी लागली, त्यात नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या माझे कागद परत करायला आल्या, सोबत पेढ्यांचा पुडा. "शिकवलंत तुम्ही. गुरूकडे रिकाम्या हातानं जाऊ नये." नीताने पुडा घेतला आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. ते पेढे घरात कुणी खाल्ले नाहीत.

मी त्या संस्थेला एक पत्र लिहायला घेतलं. दोष माझा आहे, या बाईंना पुन्हा एकदा बोलवा, या वेळी माझ्याशिवाय, वगैरे. दोन दिवस लिहीत होतो. ओळ कापली, शब्द बदलला, शेवट घासूनपुसून घेतला. वाचून पाहिलं तर ते पत्र इतकं छान झालं होतं, की त्यात विजूताई कुठे दिसतच नव्हत्या, मीच मी होतो. ते पाठवलं नाही. आज वाटतं, चार वेड्यावाकड्या ओळी लिहून पाठवायला हव्या होत्या. 'ही बाई पाणी मागते, तिला मागू द्या' एवढं पुरे होतं. तोवर दिवाळी आली, गेली, आणि वयाची अट ओलांडली.

त्यानंतर सहा वर्षं त्या वॉर्डातच होत्या. माणसं कमी झाली, ड्युट्या लांबल्या, गुडघे दुखू लागले. सुट्टीच्या दिवशीचं फिरणं आधी महिन्यावर गेलं, मग सणावारावर. लहरीपुऱ्याचा भांडीवाला एकदा मलाच म्हणाला, "तमारां बेन हवे देखातां नथी." ऑफिसातल्या एकाचा नातू तिथे दाखल होता म्हणून मी एकदा वॉर्डात गेलो होतो. विजूताई एका खाटेशी उभ्या होत्या. खाटेवर मूल, शेजारी त्याची आई. ते दुसऱ्यांदा आलं होतं. विजूताई विचारत होत्या, पाणी झाकता का? ती म्हणत होती, हो. उकळता का? हो. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून हाक आली, सलाईन संपलं होतं. त्या वळल्या, मला पाहिलं, आणि जाता जाता म्हणाल्या, "घरी जाऊन बघायला हवं, भाऊ." पण पाय सलाईनकडे चालले होते.

श्रीकांतराव निवृत्त झाले तेव्हा दोघांनी मुलीकडे नाशिकला जायचं ठरवलं. सामान टेम्पोत चढत होतं, आणि दुपारी त्या आमच्याकडे निरोप घ्यायला आल्या. नीता तिच्या शाळेत शिकवायला गेली होती. ती सकाळीच जाऊन रडून आली होती. मी एकटा होतो. मला त्यांची माफी मागायची होती. सहा वर्षं मी ती तयार करत होतो. तीन मसुदे होते माझ्याकडे: एक विनोदी, एक गंभीर, एक दोन्ही मिसळून.

विजूताईंनी चपला काढल्या. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"जरा पाणी द्या हो," म्हणाल्या.

मी आत गेलो. माठावरचं झाकण काढलं, खिळ्यावरचा डोयो घेतला, पेला भरला, आणि तिथेच मला कळलं, त्यांना तहान लागलेली नाही. ज्या घरात काही अवघड बोलायचं असतं, तिथे त्या पाणी मागतात. हे माझ्यासाठी मागितलं होतं.

मी पेला आणून दिला. त्या खुर्चीत टेकून बसल्या आणि सावकाश पिऊ लागल्या. एक घोट. पेला मांडीवर. पुन्हा एक घोट. आमच्या माठात गोळी टाकलेली नव्हती, तरी त्या जणू अर्धा तास थांबायच्या तयारीने बसल्या होत्या. खालून हमालांचा आवाज येत होता, कुणीतरी कपाट आडवं करायला सांगत होतं. मी समोर उभा. तिन्ही मसुद्यांमधलं पहिलं वाक्य आठवेना. तो मुलाखतीचा जग, ते चार पेले, त्या पांढऱ्या केसांच्या बेन, सगळं डोळ्यांपुढे आलं.

पेला रिकामा झाला. शेवटचा थेंबसुद्धा.

"आणखी देऊ?" मी म्हणालो. एवढंच बोललो.

"पुरे, भाऊ. डोयो वापरता ना अजून?"

"रोज."

त्या उठल्या, माझा हात हातात घेतला आणि स्वतःचं मनगट वळवून घड्याळाकडे पाहिलं. मी श्वास धरून उभा राहिलो. खालून श्रीकांतरावांनी हाक मारली. विजूताईंनी मान वर केली नाही, पूर्ण मिनिट मोजलं.

"जोरात चाललीय," म्हणाल्या. "खाली येऊ नका. बसा थोडं."

मी बसलो. उघड्या दारातून त्या दिसत होत्या. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होत्या. पहिल्या मजल्यावर हसमुखभाईंचं दार उघडं असावं, कारण त्या थांबल्या. मी कान दिला. पण तिथे त्यांनी पाणी मागितलं नाही, नुसतं "आवजो" म्हणून निरोप घेतला आणि पुढे उतरल्या.